काजळी, अक्रोड आणि पोलाद

ओबर्नडॉर्फ. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, नेकार नदीकाठचं लहान गाव. व्युर्टेम्बर्गच्या राजाने १८११ साली तिथल्या एका जुन्या मठात बंदुकांचा कारखाना काढला. पाउल माउझर हा त्याच कारखान्यातल्या कारागिराचा मुलगा. त्याची १८९८ची बोल्ट यंत्रणा सैन्यासाठी बनली, पण हाताने शिकारी रायफल घडवणारे युरोपातले कारागीर आजही फिरून फिरून तिच्याकडेच येतात.

त्याचं मुख्य कारण म्हणजे बोल्टच्या अंगाला असलेली लांब पोलादी पट्टी आणि तिच्या टोकाचा आकडा. मॅगझिनमधून काडतूस वर येतं तेव्हाच त्याच्या बुडाची कड या आकड्याखाली सरकते. नळीत शिरण्याआधीच ते पकडलं गेलेलं असतं. घाईत किंवा भीतीने माणसाने बोल्ट अर्धाच पुढे नेऊन मागे ओढला, तरी काडतूस सुटून आत अडकत नाही, आकड्याबरोबर बाहेर येतं. जखमी रानरेडा वीस पावलांवर असताना ही गोष्ट जिवाची असते. मात्र नुसत्या आराखड्याने हे साधत नाही. प्रत्येक काडतुसाची जाडी आणि उतार वेगळा. त्याप्रमाणे मॅगझिनच्या तोंडाच्या कडा कानशीने घासायच्या, काडतुसं भरायची, बोल्ट हळू चालवायचा, मग जोरात चालवायचा, अडखळलं तिथे पुन्हा घासायचं. एकदा जास्त घासलं गेलं की ते पोलाद परत येत नाही.

*

दस्त्याचं लाकूड अक्रोडाचंच. मजबुतीच्या मानाने हलकं, बारीक कोरीवकाम झेलणारं, एकदा नीट वाळलं की फारसं न वाकणारं. ठोकळे कापून वर्षानुवर्षं सावलीत ठेवतात. गिऱ्हाईक भुलतं ते बुंध्याजवळच्या धुरकट, काळ्या नक्षीला. जाणता कारागीर आधी मुठीची जागा बघतो. तिथे दस्ता सगळ्यात बारीक असतो, म्हणून तिथे रेषा सरळ आणि मुठीच्या वळणाबरोबर वाहणारी हवी. नक्षी हवी तेवढी असो, पण मागच्या रुंद भागात. मुठीत आडव्या रेषांचं देखणं लाकूड मला तरी फसवणूकच वाटतं.

*

या कलेतलं सगळ्यात सुंदर काम कुणालाच दिसत नाही. पोलादी भाग लाकडात बसवायचा असतो. कारागीर तो दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळतो, खाचेत दाबतो, उचलतो. लाकडावर जिथे काळा डाग उठला तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. सुरुवातीला दोन-चार ठिपके उठतात. काम पुरं होत येतं तेव्हा सगळी खाच एकसारखी काळवंडते, म्हणजे पोलाद सर्वांगाने लाकडाला टेकलेलं असतं. काही जण काजळीऐवजी निळा किंवा लाल लेप वापरतात, रीत तीच.

एवढा खटाटोप कशासाठी? गोळी सुटली की रायफलचा धक्का नळीच्या मुळाशी असलेल्या एका जाड पोलादी उंचवट्यावरून लाकडावर येतो. तो उंचवटा पूर्ण पाठीने टेकलेला नसेल, तर भार एका कोपऱ्यावर येतो आणि मोठ्या काडतुसाची रायफल काही दिवसांतच दस्ता चिरते. उलट, यंत्रणेच्या अगदी मागच्या शेपटीपाशी केसाएवढी फट मुद्दाम सोडतात, नाहीतर तीच शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसते. कुठे भिडवायचं आणि कुठे सोडायचं, हे ओळखणं म्हणजेच ही विद्या.

*

स्क्रूच्या खाचा. चांगल्या रायफलवर त्या सगळ्या नळीच्या दिशेने एका रेषेत असतात. त्यासाठी स्क्रू उंच डोक्याचा ठेवून घट्ट बसवतात, मग खाच पाडतात, मग डोकं पृष्ठभागाला मिळेपर्यंत घासतात. एखादी खाच तिरकी दिसली, तर तो स्क्रू मागाहून कुणीतरी उघडला होता, असं समजावं.

*

नळीचा काळा रंग हा खरं तर गंजच. पोलादाला आम्लाचं पाणी लावून ते ओलसर पेटीत ठेवतात. तांबूस गंज चढला की नळी उकळत्या पाण्यात बुडवतात, तांबूस थर काळा होतो. मऊ तारेच्या ब्रशाने सुटा भाग झाडतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात. असे कित्येक फेरे, कित्येक दिवस. शेवटी चढतो तो खोल, मंद काळा रंग तेल धरून ठेवतो आणि उन्हात चमकत नाही.

दस्त्याला जवसाचं तेल, तेही तळहाताने चोळून. त्याला लाली यावी म्हणून इंग्रज कारागीर एक मुळी तेलात भिजत घालतात. आपल्याकडे रतनजोत म्हणून मिळते तिच्याच कुळातली.

*

लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीच्या मागणीवरून माउझरने लांब, मोठी बोल्ट यंत्रणा बनवली आणि १९११ साली रिग्बीने तिच्यासाठी .४१६चं काडतूस काढलं. त्याचं पितळी कवच एवढं ऐसपैस का? त्या काळची कॉर्डाइट दारू उष्ण हवेत जास्त दाब निर्माण करायची. लंडनच्या थंडीत ठीक चाललेली रायफल हिंदुस्थानच्या किंवा आफ्रिकेच्या उन्हात काडतूस नळीत घट्ट रुतवून बसवायची. मोठ्या कवचात दाब कमी राहतो आणि रिकामं कवच सहज सुटतं. आपल्या उन्हाळ्याने लंडनच्या पितळेला आकार दिला.

*

जिम कॉर्बेटची रिग्बी. .२७५, म्हणजे माउझरचंच ७×५७ काडतूस. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्याला भेट दिली. दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. कॉर्बेटचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने काढलं.

त्यातली चौगढच्या वाघिणीची हकीकत मला वारंवार आठवते. डाव्या हातात पक्ष्याची अंडी, उजव्यात .२७५ रायफल छातीशी आडवी, आणि वाघीण अगदी जवळ. त्याने एका हाताने नळी इंच इंच फिरवत नेली आणि चाप ओढला. पुढच्या टोकाला जड झालेली रायफल अशी एका हाताने फिरत नाही. नळी पुढे किती निमुळती करायची, दस्त्याच्या पोटातलं लाकूड किती काढायचं, याचा हिशेब कुणा कारागिराने आधीच केलेला होता.

*

आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला, ते फार चांगलं झालं. वाघ वाचला पाहिजे यात मला तिळमात्र शंका नाही, आणि हे हातकामही मला मनापासून आवडतं.

*

कोरीवकामाबद्दल माझं मत कडक आहे. ओकची पानं, उड्या मारणारी सांबरं, सोन्याचे रानडुक्कर यांनी पोलादाचा इंच न् इंच भरला, की खालची घासणी कशी आहे ते कळत नाही. इंग्रजी पद्धतीची बारीक वेल थोडक्यात थांबते, ती मला जास्त पटते.

*

फर्लाख. ऑस्ट्रियातलं, कॅरिंथियातलं बंदूककारांचं गाव. १८७८पासून तिथे या कामाची शाळा आहे आणि नळ्या तपासणारं स्वतंत्र केंद्रही. आता यंत्रणेचे भाग संगणकी मशीनवर कापले जातात, आणि ते योग्यच आहे. पोलादाचा ठोकळा पोखरण्यात हाताची कसोटी नव्हतीच. तपासणी मात्र कुणालाच चुकत नाही. नेहमीपेक्षा सुमारे पाव पट जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम झाडतात, मग नळी आणि बोल्ट मोजतात आणि शिक्का मारतात. रायफल कितीही नावाजलेल्या हाताची असो, हा शिक्का कारागिराला स्वतः मारता येत नाही. नळी बहुधा तिथे उघड्या, पांढऱ्या पोलादातच जाते. नक्षी आणि काळा रंग तिथून परत आल्यावर.