जुन्या गाडीचा क्लब

मागच्या महिन्यात पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, क्लासिक गाड्यांच्या मालकांचा एक क्लब आहे इथं. सभासद होऊ का? वर्गणी आहे, पण रॅली असतात, ओळखी होतात." मी म्हटलं, दोन दिवस विचार करू दे. दोनाचे पंधरा झाले. शिक्षकाला प्रश्न विचारला की तो सरळ उत्तर देत नाही, आधी फळ्यावर दोन रकाने आखतो. एकावर फायदे, एकावर तोटे. मीही तेच केलं. कागद भरला, म्हणून आता सविस्तर लिहितोय. घरातल्या बाकीच्यांनीही वाचावं, कारण गाडी एकाच्या नावावर असली तरी आठवणी सगळ्यांच्या आहेत.

गाडी म्हणजे आमच्या दादांची प्रीमियर पद्मिनी. डिसेंबर १९७६ ची नोंदणी. नाव पद्मिनी असलं तरी आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. फियाटच. दादा डॉक्टर होते. त्या काळी गाडी बुक करायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. गाडी आली तेव्हा जालना जिल्हाच झाला नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. त्यामुळे कागद औरंगाबादचे. अंबड, घनसावंगी, जांब, शहागड... या रस्त्यांवर तिनं किती पेशंट वाहिले आणि किती बाळंतिणी वेळेत पोचवल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. दादा गेल्यावर ती पुतण्याच्या नावावर झाली. पण त्याला सोसायटीत पार्किंग एकच, आणि तिथं त्याची रोजची गाडी. म्हणून फियाट इथं तीर्थपुरीत, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दर रविवारी सकाळी मी चोक ओढतो, ती दोन वेळा खोकते, मग सुरू होते. गावाबाहेर एक चक्कर मारून आणतो. मुलं मागं पळतात. त्यांना वाटतं, शूटिंग आहे!

थोडा इतिहास सांगतो, मास्तरकी सुटत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं गाड्या बनू लागल्या. १९५० च्या दशकातली ती गोलमटोल 'डुक्कर फियाट' आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल. १९६४ मध्ये चौकोनी ११०० आली, आणि तीच १९७४ पासून पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. कुर्ल्याहून गाड्या निघणं थांबून आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटला.

आता मुद्द्यावर येतो. हा प्रश्न आजच का आला? कारण डिसेंबर २०२६ मध्ये फियाटला पन्नास वर्षं पुरी होतात, आणि नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरणही त्याच महिन्यात येतं. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्यानं नोंदवली तर नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर राखता येतो. नोंदणी दहा वर्षांची. शुल्क नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००. दादांनी गाडीला कधी गॅस किट बसवलं नाही की इंजिन बदललं नाही, तेव्हा आपली गाडी या नियमात बसायला हरकत नसावी.

दुसरी वाट साध्या नोंदणीची. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं, दर पाच वर्षांनी. फिटनेसची तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणजे दहा वर्षांचा हिशेब केला तर इकडे दहा-दहा मिळून वीस आणि तिकडेही वीसच. तेव्हा प्रश्न पैशाचा नाही. प्रश्न रस्त्याचा आहे. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीनं रोजचा प्रवास करायचा नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच तिनं बाहेर पडायचं.

तिसरी वाट आपल्या जालन्याची. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून लोखंडी सळई तयार होते. दारात उभी राहून गंजलेली गाडी इथं कुणाच्या नजरेतून सुटत नाही. दोघं-तिघं भाव विचारून गेलेत. एक जण तर म्हणाला, "गुरुजी, हिची सळई झाली तर घराच्या स्लॅबला तरी उपयोगी पडंल." वाईट बोलला नाही तो, त्याच्या दृष्टीनं खरंच बोलला. पण माझ्या पोटात कालवलं.

तर क्लबाचा विचार या तीन वाटांच्या तिठ्यावर उभं राहून करायचा आहे. नुसत्या हौसेचा तो विषय नाही.

क्लबात काय मिळतं? सगळ्यांना दिसते ती रॅली. दिल्लीत स्टेट्समन या वर्तमानपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ पासूनची. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस आणि ब्यूक चकाकत निघतात, लोक दुतर्फा उभे राहतात. बघायला सुंदरच. पण आपण तीर्थपुरीत. पुणे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. फियाट पन्नासनं चालवायची, दोनदा बोनेट उघडून तिला गार करायची, म्हणजे पूर्ण दिवस गेला. रॅलीत तासभर मिरवायचं आणि पुन्हा एक दिवस परतीचा. एवढ्यासाठी वर्गणी भरायची असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. मिरवायची हौस आमच्या पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावून भागते.

पण क्लबाचं खरं काम रॅलीचं नाहीच, हे मला या पंधरा दिवसांत विचार करताना लक्षात आलं. आणि ते लक्षात आलं मुंबईच्या टॅक्सीवरून.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे वर्षानुवर्षं पद्मिनीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. मला तेव्हा फक्त वाईट वाटलं होतं. आता त्याचा अर्थ कळतो. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर या गाडीचा प्रत्येक नट बनत होता आणि विकला जात होता. मिस्त्री होते, मिस्त्रीच्या हाताखाली पोरगं होतं, ते पोरगं पुढं मिस्त्री होत होतं. आमच्या दादांना कार्बोरेटरचं किट लागलं की मुंबईहून कुणाच्या तरी हातून आठ दिवसांत यायचं. वर्गणी नाही, बिल्ला नाही, वार्षिक सभा नाही. पद्मिनीचा सगळ्यात मोठा क्लब तोच होता, आणि आपण सगळे त्याचे फुकटातले सभासद होतो!

तो क्लब २०२३ साली बंद झाला. आता ते काम कुणीतरी मुद्दाम करायला हवं. सुटा भाग कुणाकडे आहे, कोणत्या दुसऱ्या गाडीचा भाग बसतो, कोण नवा बनवून देतो, हे लिहून ठेवणारं कुणीतरी हवं. मालकांचा क्लब हे करत असेल तर तो हवाच.

एक उदाहरण देतो. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आमचा भाग उसाचा. ऊस-मळीपासून इथेनॉल होतं, कारखान्याला पैसा मिळतो, शेतकऱ्याच्या बिलाला आधार होतो. त्यात वाईट काही नाही. पण १९७६ च्या फियाटच्या रबरी नळ्या, वॉशर, पेट्रोल पंपातला पडदा हे त्या पेट्रोलसाठी केलेलेच नव्हते. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, भेगाळतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, आणि गाडी उभी राहिली की टाकीला आतून गंज धरतो. गेल्या पावसाळ्यात आपल्या फियाटचा पंप असाच गेला. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच गाडीचं रबर खातोय, असं म्हणायची पाळी आली. यावर उपाय आहे. इथेनॉलला टिकणारी नळी आणि तशाच रबराचा पडदा बसवायचा, टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवायचं नाही. पण कोणती नळी आणि कुठं मिळेल, हे मला तीन आठवडे फोन करून कळलं. क्लबात ज्याच्या गाडीचा पंप आधी गेला, त्यानं पाच मिनिटांत सांगितलं असतं. मग वर्गणी त्या एका फोनमध्येच वसूल.

कागदाच्या कामातही तसंच. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या संघटनेत मी वीस वर्षं आहे. वर्षभर तिथं काय चालतं म्हणाल तर शाल, श्रीफळ, चहा आणि त्याच त्या आठवणी. पण माझ्या पेन्शनचा एक कागद एका कार्यालयात अडला, तेव्हा कोणत्या टेबलावर कोणता अर्ज द्यायचा हे संघटनेतल्याच एकानं सांगितलं, कारण त्याचाही तोच कागद तिथंच अडला होता. व्हिंटेज नोंदणीचे अर्ज आमच्याकडे रोज येत असतील असं काही नाही. ज्यानं हे एकदा केलंय असा माणूस ओळखीचा असलेला बरा.

हा झाला फायद्यांचा रकाना. तोट्यांच्या रकान्यात माझं एकच वाक्य आहे, पण ते मला टोचतं.

जालन्यात आमचे एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वयानं माझ्याहून थोडे लहान. पॉइंट घासून त्यातली फट नुसत्या नजरेनं लावतात, आवाजावरून सांगतात कोणता व्हॉल्व्ह सैल आहे ते. मी त्यांना क्लबाचं सांगितलं. हात पुसत त्यांनी विचारलं, "गुरुजी, उसमें मिस्त्री को लेते क्या?" मी गप्प. क्लब मालकांचा. सभासद होण्यासाठी गाडी नावावर पाहिजे. ज्याच्या हातानं गाडी जिवंत राहते त्याच्या नावावर गाडी नसते.

आमच्याकडून पंढरीला दिंड्या जातात. वीणा एकाच्याच गळ्यात असते, पण दिंडी त्याच्या एकट्याची नसते. पखवाजी असतो, चोपदार असतो, पुढं जाऊन चूल मांडणाऱ्या बाया असतात, पाण्याचा टँकर चालवणारा असतो. सगळे दिंडीतलेच. फक्त वीणेकऱ्यांचीच दिंडी काढली तर ती पंढरपूरला पोचेल का? चाचांकडे आता हाताखाली एकच पोरगं आहे, आणि त्याचा ओढा साहजिकच नव्या गाड्यांकडे, कारण पैसा तिकडे आहे. चाचांनी हात टेकले की फियाटचे मालक राहतील, फियाट राहणार नाही.

तेव्हा पुतण्याला माझं उत्तर असं. सभासद हो, पण एक वर्षासाठी. आणि पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचार. आरटीओच्या कागदात मदत करतात का? सुट्या भागांची यादी आहे का, आणि फोन केला तर उचलतात का? मिस्त्री त्यांच्या बैठकीला येऊन बसू शकतो का? पहिल्या दोन्हींना हो म्हणाले तर पुरे. तिसऱ्याला नाही म्हणाले तरी सभासद हो, आणि आत जाऊन तोच प्रश्न दर बैठकीत विचारत राहा. वर्गात एक मुलगा तरी असा असावा लागतो.

व्हिंटेजची नोंदणी मात्र एवढ्यात नको. निदान मी रविवारी चोक ओढू शकतो तोवर तरी नको. दादांनी ही गाडी कामाला घेतली होती. तिनं लग्नाला जावं, बाजारातून पोतं आणावं, वेळ पडली तर कुणाला दवाखान्यात न्यावं. पुढची पाच वर्षं साधीच नोंदणी ठेवू. पाच वर्षांनी २०३१ साली मी असलो तर पुन्हा बोलू, नसलो तर तू ठरव. तेव्हा तुला व्हिंटेज करावीशी वाटली तर माझी काही तक्रार नाही. सळई मात्र करू नकोस.

आणि एक. तू जेवढी वर्गणी भरशील तेवढेच पैसे मी दर वर्षी माझ्या पेन्शनमधून चाचांच्या त्या पोराला देणार आहे. अट एवढीच की महिन्यातून एक दिवस त्यानं चाचांजवळ बसून फियाटचा कार्बोरेटर खोलायचा आणि स्वतःच्या हातानं परत बसवायचा. चाचांना विचारलंय. ते हो म्हणाले. पोरगं अजून "बघतो" म्हणतंय.