फिडल आणि साथ

संगीत कळण्यास कान तयार असावे लागतात, हें मत आम्ही आजवर मोठ्या आग्रहानें मांडीत आलों. ज्याला राग ओळखतां येत नाहीं व सम सांपडत नाहीं, तो मान डोलवितो ती शेजाऱ्याची मान पाहून, असें आम्ही म्हणत असूं. आणि घरांतील मुलें या मताची यथेच्छ थट्टा करीत. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं हें मत आमच्याच घरांत, आमच्याच आरामखुर्चींत ढांसळलें.

आमचा पुतण्या शिकागो शहरीं नोकरीस असतो. तो रजेवर आला असतां जेवणें आटोपल्यावर बाहेरच्या खोलींत एक ध्वनिमुद्रण ऐकत बसला होता. आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों. प्रथम व्हायोलिनचे सूर ऐकूं आले. इतके हळूं, कीं वाजविणारा अजून तारा जुळवितो आहे असें वाटलें. मधून मधून गिटारीचा एखादा स्वर पडे. दूरच्या देवळांत कोणी घंटेला नुसता हात लावावा, तसा. पांच मिनिटांनीं वर्तमानपत्र मांडीवर आलें. पंधरा मिनिटांनीं लय वाढली होती व आमचा पाय आपण होऊन हलूं लागला होता. शेवटीं तिकडच्या श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हां आम्हांस चष्मा काढून पुसावा लागला. राग कोणता तें कळलें नव्हतें. ताल पुरता उमगला नव्हता. भाषेचा तर प्रश्नच नव्हता, कारण शब्द एकही नव्हता. मग हें झालें कसें? या प्रश्नानें आम्हांस पुढें कित्येक दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

तें वादन मार्टिन हेज व डेनिस काहिल या जोडीचें होतें. सिएटल शहरांतील त्यांच्या जलशाचें हें मुद्रण १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत अनेक चाली एकींत एक गुंफून केलेली एक माळ आहे, ती जवळजवळ अर्धा तास चालते. हेज यांचा जन्म १९६२ सालचा, आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर परगण्यांतला. त्यांचे वडील पी. जे. हेज हेही नांवाजलेले वादक. १९४६ सालीं टला गांवीं निघालेल्या नृत्यवादकांच्या संघाचे ते पुष्कळ वर्षें पुढारी होते. फिडल हें कांहीं निराळें वाद्य नव्हे, तें व्हायोलिनच. विद्वानांच्या सभागृहांत त्याला व्हायोलिन म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या घरीं फिडल.

कारण हें संगीत मुळांत स्वस्थ बसून ऐकण्याचें नव्हेच; तें पायांसाठीं आहे. दिवसाचें काम उरकल्यावर शेजारीपाजारी कोणा एकाच्या स्वयंपाकघरांत जमत, फरशीवर नाचत, आणि कोपऱ्यांत बसून कोणी फिडल वाजवी. त्यांच्या 'जिग' या प्रकारांत आपल्या दादऱ्याप्रमाणें सहांची मोजणी असते; 'रील' हा प्रकार चारांच्या मोजणीनें धांवतो. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोन वेळां वाजवावयाचा, आणि अशी सबंध चाल दोन-तीनदां झाली कीं न थांबतां दुसरींत शिरावयाचें. एक फेरा एका मिनिटाच्या आंतच संपतो. आमच्यासारख्या, विलंबित ख्यालाच्या विस्तारावर वाढलेल्या माणसास वाटावें, एवढ्याशा साच्यांत भावनेस जागा ती किती असणार!

परंतु पूर्व क्लेअरमधील वादक लय जरा आंवरून धरतात, आणि सारें मर्म तेथेंच आहे. जत्रेच्या गर्दींत घाईघाईनें भेटलेला मनुष्य हंसतमुख दिसतो. तोच सायंकाळीं आपल्या घरीं येऊन निवांत बसला म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या दिसूं लागतात. नाचाच्या चालीचेंही तसेंच आहे. तिची गति किंचित् कमी झाली, कीं तिच्या पोटांत असलेलें दुःख दिसूं लागतें. वादक तें बाहेरून आणीत नाहीं. तें तेथें होतेंच. तिकडच्या जाणत्या मंडळींनीं या गुणास एकटेपणाचा स्पर्श अशा अर्थाचें नांव दिलें आहे, आणि या जोडीच्या १९९७ सालच्या मुद्रणाचें नांवही तेंच आहे.

स्वरांचा विचार करतां आमचा कान वाटला तितका परका नव्हता. आयरिश चालींपैकीं पुष्कळांचे स्वर आपल्या बिलावल, खमाज, काफी अथवा आसावरी थाटाच्या स्वरांशीं जुळतात. थाट जुळला म्हणजे राग जुळला असें नव्हे, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. तरी कोमल गांधार व कोमल निषाद यांच्या सोबतीस शुद्ध धैवत आला, कीं ज्यानें काफींतील होरी ऐकली आहे त्याच्या मनांत कांहीं तरी जागें होणारच. त्या रात्रीं आमच्या अंतःकरणास ओळख पटली, ती अशा एखाद्या मागच्या दारानें पटली असावी.

आयरिश पुराणांत एक गोष्ट आहे. दग्दा नामक देवाची वीणा शत्रूंनीं पळविली. तो त्यांच्या मेजवानीच्या दालनांत शिरला, तेव्हां वीणा भिंतीवरून आपण होऊन त्याच्याकडे आली. त्यानें एक प्रकार वाजविला, तों बायका रडूं लागल्या. दुसरा वाजविला, तों बायका-मुलें हंसूं लागलीं. तिसरा वाजविला, तों सगळें सैन्य निजलें, आणि देव वीणा घेऊन सुखरूप परत आला. रडविणारें, हंसविणारें व निजविणारें असे संगीताचे तीन वर्ग तिकडे या गोष्टीच्या काळापासून मानिले आहेत. आमच्या भरतमुनींनींही हास्य व करुण हे रस वेगळे सांगितले. परंतु त्या रात्रीं आमचा पाय ताल धरीत होता व डोळे भरून येत होते, आणि हीं दोन्ही कामें एकच चाल करीत होती. हें कोणत्या वर्गांत घालावें?

याचें उत्तर त्या देशाच्या इतिहासांत असावें असें आम्हांस वाटतें. १८४५ सालापासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि १८५२ पर्यंत सुमारें १० लाख माणसें उपासमारीनें व सांथींनीं मेलीं. जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. पुढेंही कित्येक दशकें तरुण मुलामुलींची ही रांग थांबली नाहीं. अमेरिकेस निघालेलें मूल पुन्हां दिसावयाचें नाहीं, हें आईबापांस ठाऊक असे. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीं, घरांत प्रेत असतां जागतात तसें सारें गांव त्या घरीं जागत असे. आणि त्याच रात्रीं तेथें फिडल वाजे व नाचही होत असे. सकाळीं मुलगा दिसेनासा व्हावयाचा, आणि रात्रभर त्याच्याबरोबर नाचावयाचें! अशा रात्रींतून गेलेल्या चालींना हंसणें व रडणें निरनिराळें ठेवणें कसें साधावें?

त्या चालीही माणसांबरोबर समुद्रापलीकडे गेल्या. कॉर्क परगण्यांत १८४८ सालीं जन्मलेले फ्रान्सिस ओनील हे १९०१ ते १९०५ पर्यंत शिकागोच्या पोलीस खात्याचे मुख्य होते. त्या शहरांत येऊन राहिलेल्या आपल्या देशबांधवांकडून चाली गोळा करण्याचा त्यांना नाद होता. १९०३ सालीं त्यांनीं १,८५० चालींचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि पुढें खुद्द आयर्लंडांतील वादक त्या पुस्तकावरून चाली शिकले. त्याच शिकागो शहरीं आयरिश आईबापांच्या पोटीं १९५४ सालीं डेनिस काहिल जन्मले, आणि १९८० नंतरच्या दशकांत पोट भरण्यास तेथें गेलेले मार्टिन हेज त्यांना भेटले.

आतां गिटारीविषयीं. या परंपरेंत गिटार ही अलीकडची पाहुणी. मूळ संगीत एकाच स्वरधारेचें. साथीदाराची त्यास अपेक्षा नव्हती. १९२० नंतर न्यूयॉर्क येथें स्लायगो परगण्यांतले थोर वादक मायकेल कोलमन यांच्या तबकड्या निघाल्या, तेव्हां त्यांच्या मागें पियानो बसविण्यांत आला. कित्येक तबकड्यांवर तो पियानो असा आडदांडपणें वाजतो, कीं रसिक अद्याप हळहळतात. काहिल यांची रीत याच्या अगदीं उलट. दहा स्वर वाजविण्याजोगी जागा असतां ते एक वाजवितात, आणि पुष्कळदां तोही नाहीं. फिडलची ओळ संपून दुसरी सुरूं होण्यापूर्वीं जो क्षण असतो, तो ते भरून काढीत नाहींत. त्या क्षणाला ते राखतात. पहिल्यानें ऐकतांना आम्हांस वाटलें, हा मनुष्य करतो तरी काय? चौथ्यानें ऐकतांना कळलें, कीं आमच्या डोळ्यांत पाणी येतें तें नेमकें त्या न भरलेल्या जागांत येतें.

हें कळलें, आणि आम्हांस एक जुनी गोष्ट आठवून मान खालीं घालावी लागली.

आमचे थोरले बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, ते आमच्याहून आठ वर्षांनीं मोठे. गजाननराव जोशी यांचें व्हायोलिन आकाशवाणीवर ऐकून त्यांना त्या वाद्याचा ध्यास लागला, आणि कचेरींतील नोकरी संभाळून ते तें चांगलें शिकले. आम्ही पेटी वाजवीत असूं. वस्तुतः व्हायोलिनला पेटीची गरज नसते. धाकट्या भावास शेजारीं बसवावें एवढाच दादांचा हेतु. १९७४ सालच्या गणेशोत्सवांत आमच्या आळींत त्यांचें वादन झालें. त्यांनीं प्रारंभीं फार सावकाश, फार थोड्या स्वरांत आलाप मांडला. त्यांच्या दोन ओळींमधली शांतता आम्हांस सोसेना. प्रत्येक फट आम्ही पेटीच्या तानांनीं बुजविली. लोकांनीं आमच्या बोटांस टाळ्या दिल्या, आणि आम्ही फुगलों. दादांनीं वादन जरा लौकरच आटोपलें. घरीं जातांना ते हंसून एवढेंच म्हणाले, "तुझा हात आतां स्वतंत्र वाजविण्याजोगा झाला आहे." त्यानंतर त्यांनीं आम्हांस साथीस कधींही बोलाविलें नाहीं. आम्ही त्या वाक्यास पन्नास वर्षें प्रशंसा समजून चाललों होतों.

दिवाळींत आम्ही नाशिकास दादांकडे गेलों. ते आतां चौऱ्यायशींचे आहेत. हात कांपतो, व्हायोलिन नातीच्या खोलींत असतें. एका दुपारीं आम्ही तें मुद्रण त्यांना ऐकविलें. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि आम्ही आमच्या संवयीप्रमाणें मधून मधून माहिती पुरवीत होतों: हें क्लेअरचें वळण, हे काफीचे स्वर, आतां रील सुरूं झाला. दादा कांहीं बोलले नाहींत. खुर्चीच्या हातावर त्यांचें एक बोट तेवढें लय धरून होतें. संपल्यावर बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "हा गिटारवाला किती ऐकतो आहे रे!"

आम्ही सांगितलें, कीं ते गृहस्थ २०२२ च्या जून महिन्यांत वारले.

"आणि फिडलवाला? अजून वाजवितो?"

"वाजवितात."

"कठीण जात असेल," दादा म्हणाले.

आमच्या मनांत गणेशोत्सवाची गोष्ट काढावयाची होती. शब्दही जुळवून ठेवले होते. परंतु दादांनीं पुन्हां डोळे मिटले आणि म्हणाले, "पहिल्यापासून लाव."

आम्ही लावलें, आणि तो अर्धा तास एक अक्षरही बोललों नाहीं.