सौदा रुमालाखाली

शेळीपालन करायचं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणी अडवलं नाही. आजी एवढंच म्हणाली, "आधी शेळी धरून दाखव." गाभण उस्मानाबादी शेळ्या आणल्या. ही जात मूळची धाराशिव-लातूरकडची, रंगाने बहुतेक काळी, जुळ्या करडांसाठी नावाजलेली. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, हे मला पाठ होतं. प्रत्यक्षात शेळी मध्यरात्री व्यायली. करडांची नाकंतोंडं आजीने पुसली, चीकही तिनेच पाजला. मी बॅटरी धरली होती, तीही शेळीच्या डोळ्यांवर.

मग लसी आल्या. पीपीआर, म्हणजे गुरांच्या बुळकांडीची शेळ्यांतली चुलत बहीण. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष होणं. त्याची लस पावसाळ्याआधी टोचायची, कारण कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर शेळ्या तुटून पडल्या की हा रोग उचल खातो. लसी वेळेवर झाल्या म्हणून मी निर्धास्त होतो, तर दव पडलेला मेथीघास खाऊन एक बोकड फुगला. डॉक्टर आले तेव्हा मी त्याची कूस जीव तोडून चोळत होतो. "कोठीपोट डावीकडे असतं," ते म्हणाले. मी उजवीकडे बसलो होतो.

बोकड मोठा झाला तसा त्याला घेऊन तात्यांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर, चाकणच्या शनिवारच्या बाजारात गेलो. चारा काय, औषधं काय, सगळी उत्तरं तयार होती. व्यापाऱ्याने काहीच विचारलं नाही. बोकडाचा खालचा ओठ ओढला, दात पाहिले आणि म्हणाला, "आदत हाये." म्हणजे अजून दुधाचेच दात. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून पक्के येतात, मग तो 'दोन दाती'. बकरी ईदला वर्ष पुरं झालेला बोकड लागतो, म्हणून तेव्हा त्या दोन दातांना भाव. मी वाकून पाहिलं तर वरच्या हिरडीला पुढे एकही दात नाही. "हे कधी पडले?" मी घाबरून विचारलं. शेळीला तिथे दात नसतातच, हे तिथल्या चहावाल्या पोरालाही ठाऊक होतं.

व्यापाऱ्याने मग अंगठ्याने पाठीचा कणा दाबला, कमरेवरचं मांस चाचपलं. "चोवीस किलो. मटण निम्म्याला पडंल." मी खिशातली चिठ्ठी काढली. घरी काट्याला टांगून तोललं होतं, सव्वीस भरले होते. त्याने चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. "तोलायच्या आधी पाणी पाजलंवतं का?" पाजलं होतं, चाराही घातला होता. वजन सकाळी उपाशीपोटी करायचं असतं.

शेवटी त्याने हातावर रुमाल टाकून हात पुढे केला. मी तो धरून जोरात हलवला. आजूबाजूला हशा पिकला. इथे भाव तोंडाने बोलत नाहीत, बोटांनी सांगतात: जितकी बोटं धरली तितके, अख्खा पंजा धरला की पाच. हजार की शेकडा, तेवढं तोंडाने म्हणायचं. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळू नये म्हणून वर रुमाल. तात्यांनी मला बाजूला सारून स्वतःचा हात घातला. मला नुसता रुमाल हलताना दिसत होता. दोघांनी माना हलवल्या, व्यापाऱ्याने बोकडाचं दावं हातात घेतलं. माझा बोकड कितीला गेला, ते मला नोटा मोजताना कळलं.