माझी जपानी बाराखडी

आमच्या मध्यमवर्गांत परकी भाषा शिकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो: 'काय उपयोग?' विद्यार्थी विशींतला असला तर त्याच्यापाशीं उत्तर तयार असतें. पुण्यांत माझ्याबरोबर जपानी शिकणारीं मुलें बहुतेक संगणकाच्या धंद्यांतलीं आहेत. एन-पांचपासून एन-एकपर्यंतच्या परीक्षांच्या पायऱ्या तीं मोजून चढतात, आणि प्रत्येक पायरीला त्यांच्या मनांत पगाराचा एकेक आंकडा जोडलेला असतो. त्यांच्या बांकावर माझ्यासारखा, आयुष्यभर महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणारा, अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ जाऊन बसला म्हणजे लोकांना आधीं कौतुक वाटतें आणि मागाहून शंका येऊं लागते.

माझें उत्तर मी सहसा कोणाला देत नाहीं, वाचकांना देतों. माझी मुलगी आणि जांवई योकोहामाला राहतात. नात तेथेंच जन्मली, चार वर्षांची आहे, आणि दिवसाचा बहुतेक वेळ जपानी बालवाडींत असते. घरीं आईबाप तिच्याशीं कटाक्षानें मराठींतच बोलतात. असें असूनहि, एके दिवशीं व्हिडिओ कॉल संपल्यावर माझी पत्नी फोन बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, पोर परकी झाली!"

कारण पाहूं गेलें तर क्षुल्लक. नात कोणालाहि 'तूं' म्हणत नव्हती. "आजी काय करते?" असें ती आजीलाच विचारी. "हें आईचें आहे का?" असें आईलाच. शब्द सगळे मराठी, लिंगवचनें बिनचूक. पण बोलणें जणूं शेजारच्या खोलींत बसलेल्या दुसऱ्याच कोणा आजीविषयीं चाललें आहे! आमच्या घरीं मुलें आजीला 'तूं' म्हणतात; आणि 'तूं' नाहीं तेथें माया नाहीं, असा पत्नीचा सरळ हिशेब. मला त्या वाक्याचा उगम शोधावयाचा होता. म्हणून मी जपानी शिकूं लागलों.

पहिल्याच धड्यानें मला चकित केलें. जपानी वर्णमालेचा आरंभ 'आ, इ, उ, ए, ओ' असा होतो, आणि पुढें का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी लागतात. आमचें पाठ्यपुस्तक इंग्रजी. त्यांत हा क्रम एखाद्या वाण्याच्या यादीसारखा दिला होता आणि 'पाठ करा' एवढेंच सांगितलें होतें. ए-बी-सी शिकलेल्या माणसाला त्यांत खटकण्यासारखें कांहीं नाहीं. त्याच्या स्वतःच्या अक्षरांना तरी क्रमाचें कारण कोठें आहे? पण ज्यानें लहानपणीं पाटीवर क-ख-ग-घ गिरवलें आहे त्याचे कान टवकारल्यावांचून राहत नाहींत. आधीं कंठ, मग पुढें पुढें सरकत दांत, मग ओठ. तकारामागोमाग त्याचा नकार, आणि अखेरीस य, र, व!

हें जुळणें योगायोगाचें नव्हे. बौद्ध मंत्र मुळाबरहुकूम म्हणतां यावेत म्हणून जपानी भिक्षु सिद्धम् नांवाच्या भारतीय लिपीचा, आणि तिच्याबरोबर संस्कृत वर्णोच्चाराचा, अभ्यास करीत. कूकाई हा विख्यात आचार्य ८०४ सालीं चीनला गेला आणि ८०६ सालीं परतला तो ही विद्या बरोबर घेऊन. पुढें त्या अभ्यासांतूनच जपानी ध्वनि संस्कृत वर्गांच्या क्रमानें मांडले गेले. १८८९ ते १८९१ या काळांत ओत्सुकी फुमिहिको यांचा 'गेनकाई' हा कोश प्रसिद्ध झाला, तोहि याच क्रमानें रचलेला आहे.

दोन ठिकाणीं मात्र मी अडलों. चकाराच्या जागीं 'सा' कां? पकाराच्या जागीं 'हा' कां? उत्तर असें, कीं क्रम ठरला तेव्हां ते उच्चारच निराळे होते. सकार त्या वेळीं चकाराच्या जवळ असावा असें मानतात, आणि आजचा हकार एके काळीं ओठांचा पकार होता. त्याची खूण अद्याप पुसली गेलेली नाहीं. जपानींत 'का'चा मृदु 'गा', 'ता'चा मृदु 'दा', तसा 'हा'चा मृदु चक्क 'बा' होतो! 'हितो' म्हणजे माणूस आणि 'हितोबितो' म्हणजे माणसें. देशाचें नांवहि 'निहोन' आणि 'निप्पोन' अशा दोन्ही तऱ्हांनीं चालतें. वर्गांतल्या मुलांना मीं फळ्यावर प-फ-ब-भ-म लिहून हें दाखविलें तेव्हां तीं थोडा वेळ लिहावयाचीं थांबलीं. मास्तरकी अंगांत मुरली म्हणजे विद्यार्थी होऊनहि ती जात नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. असें कांहीं सांगितलें कीं आमच्या सभांतून टाळ्या पडतात, आणि जपान हें जणूं आमच्या पणजोबांनीं गहाण टाकलेलें शेत असावें अशा थाटांत लोक बोलूं लागतात. मला तें रुचत नाहीं. अक्षरांचा क्रम इकडचा खरा. पण अक्षरें त्यांनीं चिनी चिन्हांतून घडविलीं, आणि शब्द त्यांचे स्वतःचे. जे थोडे संस्कृत शब्द त्यांनीं घरांत घेतले त्यांचा संसारहि त्यांनीं आपल्याच रीतीनें थाटून दिला. 'क्षण' तेथें 'सेत्सुना' झाला. 'दान' हा शब्द दाता, आश्रयदाता, धनी असा एकेक पायरी चढत 'दान्ना' म्हणजे नवरा होऊन बसला. आणि आपला 'नरक' 'नाराकु' या नांवानें काबुकी नाटकगृहांत रंगमंचाखालचें तळघर झाला आहे! आपणहि या बाबतींत कमी नाहीं. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकि' म्हणजे बळ, 'शा' म्हणजे गाडी; माणसाच्या बळावर चालणारी ती जपानी गाडी आपण घेतली, तींतला माणूस काढून टाकला, आणि उरलेल्या रिक्षाच्या भाड्यावरून रोज भांडतों.

पण वर्णमालेपेक्षांहि व्याकरणानें मला अधिक सुख दिलें. इंग्रजी शिकविण्यांत आयुष्य गेलें म्हणजे जगांतील प्रत्येक भाषेला इंग्रजीच्या दारांतूनच आंत घेण्याची संवय लागते. आमच्या पाठ्यपुस्तकांतहि तेंच होतें. जपानी क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, ही विद्यार्थ्याची पहिली अडचण. संबंध दाखविणारे शब्द नामाच्या मागून येतात, ही दुसरी. वाचतां वाचतां माझ्या ध्यानांत आलें कीं पुस्तक ज्यांना अडचणी म्हणतें आहे ती माझी मातृभाषा आहे! 'काल आलेला माणूस' याला जपानींत 'किनो किता हितो' म्हणतात. काल, आलेला, माणूस. एक शब्द जागचा हलत नाहीं. इंग्रजींत याच तीन शब्दांसाठीं माणसाला आधीं पुढें आणून उभा करावा लागतो, त्याच्यामागें 'जो' लावावा लागतो, आणि काल बिचारा शेवटीं लोंबत राहतो.

पुढें तर मेजवानीच होती. 'मिरु' म्हणजे पाहणें, आणि 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणें. येथें पाहण्याचा डोळ्यांशीं संबंध नसून अनुभव घेण्याशीं आहे, हें पटविण्यासाठीं इंग्रजी लेखकानें अर्धें पान खर्च केलें होतें. आमच्याकडे ताजें लोणचें बशींत घालून "जरा खाऊन पाहा" म्हणणाऱ्या कोणत्याहि काकूला तें अर्धें पान उपजतच पाठ असतें. 'ओकु' म्हणजे ठेवणें, 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणें. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणें. 'वाकारु' म्हणजे समजणें. आणि 'मला जपानी समजतें' या वाक्यांत जसें जपानी आपण होऊन कर्त्याच्या जागीं येऊन बसतें, तसेंच तें 'निहोंगो गा वाकारु' यांतहि बसतें. या दोन भाषांत रक्ताचें नातें कांहीं नाहीं. तामिळ, कोरियन, तुर्की याहि थोड्याफार अशाच वळणानें चालतात. तरी ज्या वहींत मी प्रथम इंग्रजी अर्थ लिहीत होतों तींत दुसऱ्या महिन्यापासून मराठी अर्थ लिहूं लागलों, आणि वहीचीं पानें निम्म्यानें कमी लागूं लागलीं.

चिनी चिन्हांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तेथें बुद्धीपेक्षां बैठकीचें काम अधिक. २०१० सालीं सरकारनें सुधारलेल्या यादींत नित्याच्या वापराचीं २,१३६ चिन्हें आहेत. त्यांपैकीं १,०२६ प्राथमिक शाळेंतच शिकवितात. बहुतेकांना देशी आणि चिनी असे दोन उच्चार. पाण्याचें चिन्ह एकटें असलें तर तें 'मिझु', समासांत शिरलें कीं 'सुइ'. मुलें यावर कपाळाला हात लावतात. पण आपण धुतों ते हात आणि कागदावर उमटतें तें हस्ताक्षर, असा व्यवहार आपणहि करतोंच कीं!

एवढें सगळें ओळखीचें निघाल्यावर पुढच्या धड्यानें मला वाटेंतच थांबविलें. तो धडा आपल्या वडिलांविषयीं बोलण्याचा होता. जपानींत वडिलांना हाक मारतांना 'ओतोसान' हा आदराचा शब्द वापरतात. दुसऱ्याच्या वडिलांनाहि तोच. पण परक्यापुढें स्वतःच्या वडिलांचा उल्लेख करावयाचा तर तो 'चिची' असा, आदराची सगळीं वस्त्रें उतरवून! कचेरींतला कारकूनहि बाहेरच्या माणसाशीं बोलतांना आपल्या साहेबाच्या नांवापुढचा 'सान' गाळतो. आपलीं माणसें 'उचि' म्हणजे आंतलीं, बाकीचीं 'सोतो' म्हणजे बाहेरचीं. बाहेरच्यापुढें आंतल्याचा मोठेपणा सांगणें म्हणजे स्वतःचाच मोठेपणा सांगणें. शिक्षिकेनें सर्वांना आळीपाळीनें आपल्या वडिलांविषयीं चार वाक्यें सांगावयास लाविलीं, आणि एरवीं भराभर बोलणारा वर्ग अडूं लागला. एका मुलीनें तर 'चिची' म्हणण्याआधीं क्षणभर डोळे मिटून घेतले. आम्ही मराठी माणसें परक्यापुढें 'वडील आले आहेत' असें बहुवचनानें सांगतों, आणि घरांत आईला, देव्हाऱ्यांत देवाला, पंढरींत विठोबाला खुशाल अरे-तुरे करतों. जपानी कुंपण नेमकें उलट्या बाजूनें घातलेलें आहे. 'खाऊन पाहणें' मला मराठीनें दिलें. हें मात्र मराठीजवळ नव्हतें.

आणि याच धड्यांत नातीचें वाक्य सांपडलें. 'तूं' या अर्थाचा 'अनाता' हा शब्द जपानींत आहे, पण तो आईला किंवा आजीला उद्देशून वापरणें उद्धटपणाचें. (जुन्या वळणाची पत्नी नवऱ्याला मात्र हाच शब्द घालून हाक मारते; आमच्या 'अहो'ची ही सखी बहीण.) घरांतल्या वडीलधाऱ्यांशीं बोलतांना नात्याचें नांवच पुन्हां पुन्हां उच्चारावयाचें: 'आजी काय करते?' म्हणजे तेथें 'तूं' गाळलेला नसतो. 'तूं'च्या जागीं प्रत्येक वेळीं 'आजी' ठेवलेली असते. हें मीं पत्नीला सांगितलें. तिला तें एकदम पटलें नाहीं. तेव्हां मीं तिला विचारलें, "आणि तूं तिला काय म्हणतेस? 'आमचं बाळ जेवलं का?' असंच ना? तेंहि त्या बाळालाच!" ती कांहीं बोलली नाहीं, पण पुढच्या शनिवारीं तिनें 'आमचं बाळ' हे शब्द जरा सावकाश उच्चारले, असें मला वाटलें.

भाषेवांचून माया अडत नाहीं, असें कोणी म्हणेल. लाफ्काडिओ हर्नचें उदाहरण त्याच्या बाजूचें आहे. हर्न १८९० सालीं जपानला गेला, मात्सुए येथें इंग्रजीचा शिक्षक झाला, कोइझुमि सेत्सु हिच्याशीं संसार मांडला, १८९६ सालीं कोइझुमि याकुमो या नांवानें जपानी नागरिक झाला, आणि तोक्योच्या विद्यापीठांत माझाच विषय शिकवूं लागला. परंतु १९०४ सालीं वारला तोंपर्यंत त्याला चांगलें जपानी आलें नाहीं. नवराबायको एका मोडक्या जपानींत बोलत. तींत प्रत्यय नव्हते, क्रियापदांचीं रूपें नव्हतीं. त्या बोलींतच सेत्सूनें त्याला जुन्या भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या. पुस्तक हातांत घेऊन वाचूं नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा हट्ट असे. त्यांतून त्याचें 'क्वाइदान' हें इंग्रजी पुस्तक झालें, आणि तें पुढें जपानींत भाषांतरित होऊन जपानी मुलांच्या हातांत गेलें. भाषेच्या शिक्षकाला हें उदाहरण जरा गैरसोयीचें आहे, पण तें लपवून कसें चालेल? हर्नच्या समोर मात्र सेत्सु बसलेली होती. आमच्या नातीला आम्ही पडद्यावर आठवड्यांतून एकदां भेटतों.

योकोहामांत रात्रीचे आठ वाजतात तेव्हां पुण्यांत साडेचार. शनिवारीं साडेचारला पत्नी नातीला चिऊकाऊची गोष्ट सांगते, आणि पांचला माझा वर्ग. सध्यां 'देणें' या क्रियापदाचा धडा चालू आहे. जपानींत तीं दोन आहेत: आपल्या बाजूच्यानें दुसऱ्याला दिलें कीं 'आगेरु', दुसऱ्यानें आपल्या बाजूला दिलें कीं 'कुरेरु'. नातीनें आजीसाठीं कागदाचा पक्षी करून पाठविला आहे. त्याचें वाक्य मला वहींत लिहावयाचें आहे. पण देणारी आणि घेणारी दोघीहि आमच्याच. तेव्हां यांतलें कोणतें 'देणें' घालावयाचें, हें मी आज शिक्षिकेला विचारणार आहें.