बुद्धलेणीच्या दारातली आठ भये

औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येणारे पाहुणे बीबी का मकबरा पाहतात आणि वेरूळची गाडी धरतात. मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या अंगाने डोंगराकडे जाणारी वाट फारसे कुणी धरत नाही. आपली माणसे मात्र धरतात. सरकारी पाटीवर ‘औरंगाबाद लेणी’ असले तरी आपल्या तोंडी ती बुद्धलेणीच. चढताना गुडघे बोलतात. वयस्कर माणसे सोबत असतील तर सकाळीच जावे, पाणी आणि बॅटरी बरोबर ठेवावी.

सात नंबरची लेणी सहाव्या शतकातली. तिच्या ओसरीत दाराशेजारी अवलोकितेश्वर बोधिसत्त्व उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार प्रसंग कोरले आहेत. एकीकडे आग, तलवार उगारलेला शत्रू, साखळदंड, बुडते जहाज. दुसरीकडे सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, आणि शेवटी एक आई, तिचे मूल आणि ते ओढून न्यायला आलेला मृत्यू.

आमच्या घरचे एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. शेवटचे दर्शनही लांबूनच झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तेव्हा शाळा बंद, अभ्यास मोबाईलवर. ज्या घरात मोबाईल नाही ते मूल कुठे आहे याचा पत्ता नाही. भेटायला येणारे म्हणत, “ताई, सगळे अनित्य आहे.” ते मला ठाऊक होते. पण ठाऊक असल्याने रात्र सरत नसे. रात्री शेजारी फोन वाजला तरी छातीत धस्स होई, कारण तसाच एक फोन पहाटे तीनला आला होता.

त्या हिवाळ्यात थोरल्या बहिणीने ओढून नेले म्हणून मी लेणीवर गेले. आमच्या आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली. दगडाला नवस बोलण्याची रीत आमच्याकडे नाही, आणि मीही काही मागितले नाही. पण त्या भिंतीपुढून पाय निघेना. कोरणाऱ्याने ‘भिऊ नका’ असे मोघम सांगितलेले नाही. माणूस कशाकशाला भितो ते एकेक करून दाखवले आहे, आणि तेही आत जाण्याच्या दारातच.

घरी येऊन जुन्या हजेरीपटाच्या मागे लिहिले : फोनची घंटा. त्याखाली : बँकेचा कागद, त्यावर त्यांच्या नावापुढे ‘मयत’. यादी आठाच्या पुढे गेली. दुःख काही गेले नाही, पण त्या रात्री चार तास सलग झोप लागली.

२०२३ मध्ये सातवीच्या मुलांची सहल तिथेच नेली. त्यांना म्हटले, नववे भय तुमचे तुम्ही लिहा. नाव घालू नका, मी कुणाचे वाचून दाखवणार नाही. एकाने लिहिले, ‘आईबाबा ऊसतोडीला गेल्यावरची रात्र.’ एका चिठ्ठीवर एकच शब्द होता : ‘लग्न’. अक्षर ओळखीचे होते. त्या मुलीच्या घरी मी तीनदा गेले. पहिल्या खेपेला चहासुद्धा विचारला नाही. तिसऱ्या खेपेला तिची आजीच म्हणाली, “बाई म्हणतात तर शिकू द्या.” मुलगी अजून शाळेत आहे.

सातव्या लेणीच्या गाभाऱ्यात, डाव्या भिंतीवर, एक नर्तकी आहे आणि तिच्या भोवती सहा वादक स्त्रिया. दारात मृत्यू आणि आत हा नाच! मला वाटते, मुद्दामच असावे. मुलींनी बॅटरीच्या उजेडात तिच्यासारखा हात वळवून पाहिला आणि हसता हसता राखणदाराची बोलणी खाल्ली.

पलीकडच्या नवव्या लेणीत महापरिनिर्वाणाचे शिल्प आहे, बरेच झिजलेले. तिथे मी थोडा वेळ एकटी बसले. मुलांनी खाली पायऱ्यांवर डबे उघडले होते, आणि “बाई, चला ना” अशा हाका वर येत होत्या.