पोटॅशची गोणी

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की आमच्या वाडीत माडांची आळी उकरायची. शेणखत, चुलीतली राख, मूठभर मीठ आणि गोणीतलं लालसर पोटॅश. आमचे आप्पा म्हणायचे, "माड पोटॅशचा अधाशी. कमी पडलं तर पानं पिवळी करून दाखवील, पण खोटं बोलायचा नाही." ते खरंच. पण माडाचीही फसगत होऊ शकते, हे आप्पांना ठाऊक नव्हतं. मला ते कळलं पन्नाशीनंतर, बिकिनीबद्दल वाचताना.

बिकिनी म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं, त्या कपड्याचं पॅरिसमधलं बारसं ५ जुलै १९४६ चं. बिकिनी बेटावरच्या पहिल्या अणुस्फोटानंतर चारच दिवसांनी. मूळची बिकिनी पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांतली. भोवती पोवळ्याची कंकणासारखी पट्टी, मध्ये संथ पाणी. माणसांचं खाणं म्हणजे नारळ, नीरफणस, मासे, कुर्ल्या आणि आपल्या केवड्याच्याच कुळातल्या झाडाची फळं. ही यादी वाचताना मी आमच्या परड्यातच उभा होतो.

त्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, अमेरिकी नौदलाचे कमोडोर बेन वायट गावकऱ्यांसमोर बसले. मानवजातीच्या भल्यासाठी, युद्धं कायमची संपावीत म्हणून, बेट तात्पुरतं सोडाल का, असं त्यांनी विचारलं. प्रमुख जुडा म्हणाले, सगळं देवाच्या हाती आहे. तो होकार धरला गेला. बेट तर जानेवारीतच निवडून झालं होतं! पुढे हा प्रसंग चित्रपटासाठी कॅमेऱ्यापुढे पुन्हा पुन्हा करून घेतला. निर्णय झाल्यावर विचारायला येणारे साहेब कोकणातही पाहिले आहेत. तेही चटईवर बसतात, आपुलकीने बोलतात. रीटेक मात्र ऐकला नव्हता.

१६७ माणसं रोंगेरिक बेटावर नेली. तिथे अन्न पुरेना, दोन वर्षांत उपासमारीची वेळ आली. मग किली. त्या बेटाला आतलं संथ पाणीच नाही; समुद्र खवळला की होडी लागत नाही. पिढ्यान् पिढ्या मासेमारीत वाढलेल्यांना असा किनारा दिला.

१ मार्च १९५४ ला बिकिनीवर 'ब्राव्हो' नावाचा बॉम्ब फोडला. १५ मेगाटन, शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट, हिरोशिमाच्या सुमारे हजार पट. दीडशे किलोमीटरवरच्या रोंगेलॅप बेटावर काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. ती होती उडालेल्या पोवळ्याचीच राख. पोरं तिच्यात खेळली. ती पिण्याच्या पाण्यात, केसांत, अन्नात गेली. रात्रीपर्यंत उलट्या सुरू झाल्या. पुढे कातडी भाजल्यासारखी सोलवटली, केस पुंजक्यांनी गळाले. बोट न्यायला आली ती दोन दिवसांनी. मग रोंगेलॅपच्या लोकांवर अभ्यास सुरू झाला. त्याचं नाव 'प्रोजेक्ट ४.१'. १९५७ मध्ये त्यांना परत रोंगेलॅपवर ठेवलं. ब्राव्होच्या वेळी दहा वर्षांखालची जी मुलं होती, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गळ्यात पुढे थायरॉइडच्या गाठी निघाल्या.

तीच राख एका जपानी मासेमारी बोटीवरही पडली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. त्याच महिन्यात बेटांवरच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला: जमीन ही आम्हाला नुसती पिकवायची, घरं बांधायची जागा नाही, तो आमचा जीव आहे. अर्ज गेला तो विश्वस्त मंडळाकडे. कारण कागदोपत्री मार्शल बेटं ही वसाहत नव्हतीच, संयुक्त राष्ट्रांनी सोपवलेला 'विश्वस्त प्रदेश' होता आणि विश्वस्त होती अमेरिका. देवस्थानांच्या विश्वस्तांचे किस्से ऐकून मोठा झालेला मी या शब्दापाशी हसलो, आणि मग हसू गिळलं. चाचण्या १९५८ पर्यंत चालल्या, एकूण ६७.

आता माड. १९६८ मध्ये अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनीकरांना परत जाता येईल, असं जाहीर केलं. बेट साफ केलं, हजारो माड लावले. काही कुटुंबं गेलीही. समुद्र निळा, वारा तोच, उघड्यावर हिंडण्यात फारसा धोका नाही. पण पोवळ्याच्या मातीत पोटॅश जवळजवळ नसतं, आणि स्फोटांतून उरलेलं सीझियम-१३७ हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पोटॅशियमचं भावंड. भुकेल्या माडाने ते पोटॅश समजून मुळांनी ओढलं, शहाळ्यात भरलं, खोबऱ्यात साठवलं. झाड हिरवंगार. पान पिवळं पडून सांगण्यासारखं काही नव्हतंच. लोक नारळ खात राहिले, अंगातलं सीझियम वाढत गेलं, आणि १९७८ मध्ये बेट दुसऱ्यांदा रिकामं केलं.

उपाय शोधायला शास्त्रज्ञ अनेक वर्षं तिथे राबले. एक मार्ग वरची माती खरवडून टाकण्याचा. पण पोवळ्याच्या बेटावर कसदार म्हणावी अशी माती तेवढीच. दुसरा मार्ग वाचला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. माडाला भरपूर पोटॅश घाला. खरं मिळालं की तो खोट्याकडे फारसा वळत नाही; नारळातलं सीझियम पुष्कळच उतरतं. म्हणजे आमच्या कृषी केंद्रात मिळणारी तीच गोणी. तरीही बिकिनीवर आज कुणाचा कायमचा संसार नाही.

यंदाच्या पावसाळ्यात आळी उकरून झाल्यावर गड्याने विचारलं, "किती घालू?" आप्पांचं माप सांगितलं. तो ओंजळ रिकामी करून पुढच्या माडाकडे निघाला, तेव्हा त्याला परत बोलावलं आणि म्हटलं, आणखी एक मूठ घाल.