सूत्र आणि काच

गेल्या मार्गशीर्षांत नाशकास पंचवटींत एका आप्ताच्या विवाहास आम्ही सहकुटुंब गेलों होतों. सूत्रवेष्टनाचा विधि या खेपेस प्रथमच निवांतपणें पाहिला. उपाध्यायांनीं मंत्र म्हणत वधूवरांभोंवतीं कच्च्या सुताचे वेढे घेतले, ते अलगद उतरवून सुतास हळद लावली, आणि त्यांतच हळकुंड बांधून केलेलीं कंकणें उभयतांनीं परस्परांच्या मनगटांवर बांधलीं. गांठ आवळतांना वरानें हळूच विचारलें, "काचतंय का?" वधू हंसून "नाही" म्हणाली. तो प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला.

त्याच सुमारास जपानांतील दोरबंधनाच्या कलेविषयीं आम्ही कांहीं वाचीत होतों. शिबारी अथवा किनबाकु या नांवांनीं ती ओळखली जाते. एदो काळांत, म्हणजे १६०३ ते १८६८ या अवधींत, तेथील शिपाई कैद्यांस दोरानें जखडण्याची होजोजुत्सु नांवाची विद्या जाणीत. पुढें नाटकांत व चित्रांत बद्ध देह दिसूं लागले, आणि इतो सेइउ (१८८२–१९६१) या चित्रकारानें तर तो आपल्या चित्रांचा मुख्य विषयच केला. आज कोणी सज्ञान स्त्रीपुरुष ही कला एकांतांतील प्रणयाचा भाग म्हणून आचरितात, कोणी ती रंगमंचावर दाखवितात.

प्रथम आम्हांस किळस आली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. जी रज्जु बंदिवानासाठीं वळली, तिच्यांत प्रेम कसलें? परंतु पुढें वाचतां कळलें कीं, येथें गांठीपेक्षां विचारपूस मोठी. दोर बहुधा तागाचा, सहा मिलिमीटर जाड व सात-आठ मीटर लांब. दंडांतील मज्जातंतु दाबला गेल्यास मनगट लुळें पडूं शकतें. म्हणून जाणता बांधणारा वरचेवर बोटें हलवावयास सांगतो, मुंग्या येतात काय तें विचारतो, कात्री हाताशीं ठेवतो. "पुरे" हा शब्द उच्चारतांच दोर सुटला पाहिजे. न सुटल्यास ती कला नव्हे, अत्याचार होय. कैद्यास हा शब्द नव्हता. सारा भेद एवढाच, पण केवढा!

असो. लग्नघरून परततांना आम्हांस स्वतःचा विवाह आठवला. आमचेंही सूत्रवेष्टन झालें होतें. कंकणें चार दिवसांत सुटलीं. पुढें गृहिणीस शिक्षिकेची नोकरी चालून आली, तेव्हां "घराकडे कोण पाहील?" एवढें बोलून आम्हीं तो विषय मिटविला. तिनें वाद घातला नाहीं, आणि आम्ही तीच संमति समजलों. चाळीस वर्षांत "काचतंय का?" असें एकदांही विचारलें नाहीं.

त्या रात्रीं विचारलें. ती देवापुढच्या वाती वळीत होती. हात न थांबवितां म्हणाली, "काचत होतं. मग सवय झाली."

दोर फार वेळ राहिला म्हणजे प्रथम मुंग्या येतात व मग बधिरपणा, असें आम्हीं वाचलें होतें. पुढें काय बोलावें तें सुचेना. तिच्या शेजारीं बसून आम्हीं कापसाची सरकी काढावयास घेतली.